कोठडी क्रमांक 92 मधला नाताळ

डिसेंबर 1943 मधल्या एकाच आठवड्यात बर्लिनच्या टेगेल इथल्या लष्करी तुरुंगातून एका कैद्याने लिहिलेली तीन पत्रे आज छापील रूपात वाचायला मिळतात. एक 15 तारखेचे, एक 17 चे, एक 18 चे. कैद्याचे नाव डीट्रिख बोनहोफर. वय 37. प्रोटेस्टंट पाळक, धर्मशास्त्राचा अध्यापक, आणि त्या वर्षीच्या 5 एप्रिलपासून कच्च्या कैदेत. सप्टेंबरात त्याच्यावर आरोपपत्र दाखल झाले होते. लष्करी सामर्थ्य खिळखिळे केल्याचा आरोप होता, आणि नाझी जर्मनीत एवढ्या आरोपावर माणसाचे डोके जाऊ शकत होते.

तिन्हींपैकी मधले, 17 डिसेंबरचे पत्र जगभर गाजले. ते आई-वडिलांना लिहिलेले आहे. ख्रिस्ती दृष्टीने पाहिले तर तुरुंगातल्या नाताळाची काही वेगळी अडचण नाही, असे तो त्यात म्हणतो. जिथे सणाचे फक्त नाव उरले आहे अशा पुष्कळ घरांपेक्षा इथे तो अधिक खरेपणाने साजरा होत असेल. दुःख, दारिद्र्य, एकटेपणा, असहायपणा आणि अपराध यांचा देवाच्या दृष्टीने अर्थ वेगळा आहे. माणसे जिथून तोंड फिरवतात तिकडेच देव वळतो, आणि धर्मशाळेत जागा नव्हती म्हणून ख्रिस्त गोठ्यात जन्मला, हे कैद्याला इतरांपेक्षा चटकन कळते. आजवर आई-वडिलांनी इतके सुंदर नाताळ दिले आहेत की त्यांच्या आठवणीवर हा एक अंधारा नाताळ सहज निभावेल, असेही त्याने लिहिले आहे.

नाताळच्या प्रवचनांत हे पत्र फार वापरले जाते, आणि ते साहजिकच आहे. देवाच्या इच्छेपुढे मान तुकवलेला शांत माणूस त्यात दिसतो. पण हे पत्र कुणाच्या हातून घरी गेले ते विसरता येत नाही. अधिकृत पत्रे तुरुंगाच्या आणि तपास अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जात. ती दर दहा दिवसांनी आणि मोजक्याच कागदावर लिहायची मुभा होती. समोर वृद्ध आई-वडील होते. त्यांचा एक मुलगा पहिल्या महायुद्धात पडला होता आणि आता दुसरा मुलगा व जावई एकाच दिवशी पकडले गेले होते. अशा पत्रात माणूस खोटे लिहितो असे नव्हे. पण काय लिहायचे नाही हे तो नक्की ठरवतो.

ते न लिहिलेले 15 तारखेच्या पत्रात सापडते.

हे पत्र एबरहार्ड बेथगे या मित्राला आहे. नोव्हेंबर 1943 पासून ओळखीच्या पहारेकऱ्यांच्या हातून बोनहोफर त्याला चोरून पत्रे पाठवू लागला होता. मित्राशी एक संध्याकाळ गप्पा मारत, धूम्रपान करत बसावे असे वाटते, अशा सुरात पत्र सुरू होते आणि मग एकदम वळते. आजवर जे काही लिहिले ते असू दे, पण इथले जगणे भयंकर आहे, असे तो सांगून टाकतो. दिवसभर पाहिलेले रात्री पाठ सोडत नाही. पाठ असलेली उपासनागीते एकामागून एक म्हणत राहिले तरच ते दूर होते, आणि सकाळी जाग येते ती देवाच्या स्तुतीने नव्हे, उसाशाने. शरीराच्या हालांची सवय होते, मनावरच्या ताणाची होत नाही. आपण म्हातारे होत चाललो आहोत असे त्याला वाटते. आणि मग तो स्वतःलाच विचारतो की आपण नक्की कोण? आतून तळमळणारा माणूस खरा, की बाहेर सगळ्यांना, आणि स्वतःलाही, शांत व प्रसन्न असल्याचे दाखवणारा? याच प्रश्नावर पुढच्या उन्हाळ्यात त्याने एक कविता लिहिली आणि ती बरीच प्रसिद्ध झाली. पण प्रश्न पहिल्यांदा येतो तो इथे, आई-वडिलांना धीर देणारे ते पत्र लिहिण्याच्या दोन दिवस आधी.

या दोन पत्रांतले खरे कोणते, हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. दोन्ही एकाच माणसाची आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पण फक्त 17 तारखेचे पत्र हाती घेऊन शरणागतीचा धडा काढणाऱ्याला अर्धाच माणूस भेटतो.

तिसऱ्या पत्रापाशी जाण्याआधी 17 डिसेंबर या तारखेचे महत्त्व सांगायला हवे. त्या दिवशी बोनहोफरची सुनावणी व्हायची होती. सुटका होईल अशी त्याची आशा होती, आणि ती अगदीच भाबडी नव्हती. आरोपपत्र ढिले होते. खऱ्या कटाचा, म्हणजे हिटलरला दूर करण्याच्या योजनेचा, तपास अधिकाऱ्यांना अजून पत्ता नव्हता. भावजी हान्स फॉन डोनान्यी हा त्या कटातला मुख्य दुवा होता, आणि लष्करी गुप्तवार्ता विभागाच्या आडोशाने बोनहोफरही त्यात होता. पण डोनान्यी आजारी पडून रुग्णालयात होता आणि वकिलांना सावधपणे चालणे बरे वाटले. सुनावणी लांबणीवर पडली. म्हणजे आई-वडिलांना नाताळचे ते निवांत पत्र लिहिले गेले ते सुटकेसाठी डोळे लावून बसलेल्या दिवशीच.

18 तारखेला तो बेथगेला लिहायला बसतो तेव्हा हा घाव ताजा आहे. सुटकेचा विचार आपण सोडून दिला आहे, असे तो सांगतो. सुनावणी झाली असती तर निर्दोष सुटलो असतो, पण आता आठवडे, कदाचित महिने इथेच. गेले काही आठवडे आधीच्या सगळ्या काळापेक्षा जड गेले. आणि मग या सगळ्या पत्रव्यवहारातले मला सर्वांत प्रामाणिक वाटणारे निरीक्षण येते. जे टळण्यासारखे नव्हतेच त्याच्याशी जुळवून घेणे एक वेळ सोपे, पण जे टाळता आले असते असे वाटते त्याच्याशी जुळवून घेणे फार अवघड.

देवाच्या इच्छेवर बोलणारे बहुतेक लोक उदाहरणे घेतात ती मृत्यूची, रोगाची, पुराची. तिथे मान तुकवायला माणसाला पर्यायच नसतो. बोनहोफरपुढचा प्रश्न तसा नव्हता. इथे कुणीतरी, आपल्याच बाजूच्या कुणीतरी, वेगळा निर्णय घेतला असता तर तो नाताळला घरी असता.

बेथगेलाही लवकरच आघाडीवर जावे लागणार होते. मे महिन्यातच त्याचे बोनहोफरच्या भाचीशी, रेनाटेशी, लग्न झाले होते आणि तिला दिवस गेले होते. मित्राला सल्ला म्हणून बोनहोफर जे लिहितो त्याचा आशय असा: वेळ आहे तोवर परिस्थिती बदलण्यासाठी जे जे करता येईल ते सगळे करावे. सगळे करूनही जमले नाही तर मग ते सोसणे सोपे जाते. घडते ते सगळे देवाचीच इच्छा असते असे मुळीच नाही. पण शेवटी देवाच्या इच्छेवाचून काही घडत नाही, म्हणजे कितीही वाईट घटना असली तरी तिच्यातून देवापर्यंत वाट असते. यासाठी तो मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या 29 व्या ओवीचा आधार घेतो. दोन चिमण्या एका दमडीला विकल्या जातात, तरी त्यांतली एकही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही, ही ती ओवी.

या दोन विधानांमधली फट बारीक आहे, पण बोनहोफरचा सगळा विचार तिच्यात मावतो. पहिले विधान सोडले तर हिटलरही देवाची इच्छा ठरतो, आणि त्या काळात जर्मनीच्या चर्चमध्ये तसे म्हणणारे कमी नव्हते. दुसरे सोडले तर कोठडीतल्या माणसाला प्रार्थना कुणाकडे करायची हेच उरत नाही.

याच पत्रात ओढीविषयी लिहिलेले आहे. आपल्या माणसांची ओढ लागते तेव्हा तिच्याइतकी छळणारी गोष्ट दुसरी नाही, असे तो म्हणतो. पण ती मारून टाकून साधुत्व मिळवावे, हे त्याला साफ नामंजूर आहे. देवानेच पृथ्वीवरचे सुख भरभरून दिले असेल तर देवापेक्षा जास्त सोवळे होऊ नये. प्रत्येक गोष्टीची वेळ असते. पत्नीच्या मिठीत असताना परलोकाची आस धरणे त्याला अभिरुचिहीन वाटते, आणि ती देवाची इच्छा तर नक्कीच नव्हे. पुढे आगमनकाळाच्या चौथ्या रविवारची नोंद येते. सतराव्या शतकातला कवी पाउल गेरहार्ट याच्या एका नाताळगीतातली ओळ आठवडाभर त्याच्या डोक्यात घोळत होती. बाळ येशू गव्हाणीतून म्हणतो की हरवलेले सगळे मी परत आणीन, असा तिचा भाव. काहीही हरवत नाही, ख्रिस्तात सगळे पुन्हा गोळा होते, हा इरेनेयस या जुन्या चर्चपित्याचा विचार त्याला तिथे आठवतो, आणि हाइनरिख श्युट्झने बांधलेली एक धूनही.

ही पत्रे लिहिणारा माणूस त्याच महिन्यांत तपास अधिकाऱ्यांना रोज फसवत होता, हे इथेच सांगायला हवे. घरून येणाऱ्या पुस्तकावर त्याच्या नावाखाली रेघ असली की आत निरोप आहे असे समजायचे. मग मागच्या पानापासून सुरुवात करून ठरावीक पानांच्या अंतराने एकेका अक्षराखाली पेन्सिलीचे पुसट टिंब शोधायचे आणि अक्षरे जुळवायची. डोनान्यीने चौकशीत काय सांगितले, आपण काय सांगायचे, हे अशा टिंबांतून ठरे. चौकशीत तो राजकारण न कळणाऱ्या साध्या पाळकाचे सोंग घेई. टिंबे मारणारा हात आणि चिमण्यांच्या ओवीचा दाखला देणारा हात एकच आहे, आणि त्याला त्यात विसंगती वाटलेली कागदोपत्री कुठे दिसत नाही.

याची मुळे आदल्या वर्षीच्या नाताळात सापडतात. डिसेंबर 1942 मध्ये, अटकेच्या काही महिने आधी, हिटलरच्या सत्तेला दहा वर्षे होत आली म्हणून त्याने एक लेख लिहून काही जवळच्यांना नाताळची भेट दिला. डोनान्यी, गुप्तवार्ता विभागातला अधिकारी हान्स ओस्टर आणि बेथगे हे त्यांतले होते. एक प्रत आई-वडिलांच्या घराच्या छपराखाली दडवून ठेवली होती, म्हणून बाँबहल्ल्यांतून आणि झडत्यांतून ती वाचली. देव सर्वांत वाईटातूनही चांगले घडवू शकतो, असे त्यात एका छोट्या भागात लिहिले आहे. संकटात लागेल तेवढे बळ तो देतो, पण आगाऊ देत नाही, नाहीतर माणूस त्याच्याऐवजी स्वतःवर विसंबेल. आणि देव म्हणजे अढळ नियती नव्हे, तो प्रामाणिक प्रार्थनेची आणि जबाबदार कृतीची वाट पाहतो व तिला उत्तर देतो. प्रार्थना आणि कृती ही जोडी त्याने इथे मुद्दाम एकत्र ठेवली आहे.

इथे महाराष्ट्रातला एक कागद आठवतो. 1934 साली बोनहोफर लंडनमधल्या जर्मन मंडळ्यांचा पाळक होता आणि हिटलरविरोधात ख्रिस्ती माणसाने काय करायचे याचे उत्तर त्याला युरोपात सापडत नव्हते. त्याने गांधीजींना लिहून आश्रमात राहायला येऊ का असे विचारले. गांधीजींचे उत्तर 1 नोव्हेंबर 1934 चे, वर्ध्याहून लिहिलेले. परतीचे भाडे आणि इथल्या खर्चासाठी माणशी महिना शंभर रुपये असतील तर कधीही या, थंडीच्या दिवसांत आलात तर हवा मानवेल, असा त्यातला व्यवहार. सगळा वेळ माझ्याजवळ राहता येईल की नाही हे मी तुरुंगाबाहेर असण्यावर अवलंबून आहे, असेही गांधीजींनी कळवले. बोनहोफर आला नाही. पुढच्या वर्षी हिटलरविरोधी चर्चच्या पाळकांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले आणि वर्धा राहून गेले.

आता पुन्हा कोठडीकडे. क्रमांक 92. बर्लिन शहराचा लष्करी प्रमुख पाउल फॉन हाझं हा बोनहोफरच्या आईचा चुलतभाऊ. हे नाते कळल्यावर पहारेकऱ्यांची वागणूक बदलली, आणि त्याने ते पत्रांत संकोचाने नोंदवलेही. नोव्हेंबरात बाँबहल्ले वाढले. एका रात्रीनंतर, 23 नोव्हेंबरला, त्याने मृत्युपत्र लिहून काढले. तीन दिवसांनी तुरुंगाला लागून असलेल्या बोर्सिग कारखान्यावर बाँब पडले. महिनाअखेरीस, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, तो आई-वडिलांना आल्टडॉर्फर या जुन्या जर्मन चित्रकाराच्या नाताळच्या चित्राविषयी लिहितो. त्यात बाळ येशू, मरिया आणि योसेफ एका पडक्या, छप्पर उडालेल्या घरात आहेत. चारशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने हे कुठून काढले, आजच्या बर्लिनला किती लागू पडते, असा त्याचा शेरा. त्याच महिन्यात बेथगेला लिहिताना त्याने कोठडीची तुलना आगमनकाळाशी केली होती: वाट पाहायची, आशा करायची, हे-ते करायचे, पण दार उघडते ते बाहेरूनच.

त्या दिवसांत त्याने सोबतच्या कैद्यांसाठी काही प्रार्थना लिहिल्या. सकाळची, संध्याकाळची, आणि विशेष संकटातली. तुरुंगातल्या पाळकांनी त्या कैद्यांत वाटल्या. त्यांत सुटकेची विनंती आहे, स्वतःच्या अविश्वासाची कबुली आहे, आणि जर काही झालेच तर ते तुझ्या हातून यावे, हे मागणेही आहे.

नाताळाच्या झाडाची गोष्ट मारिया फॉन वेडेमायरने सांगितली आहे. ती बोनहोफरची वाग्दत्त वधू. जानेवारी 1943 मध्ये तिने होकार दिला तेव्हा ती 18 वर्षांची होती. आदल्या ऑगस्टमध्ये तिचे वडील रशियाच्या आघाडीवर मारले गेले होते, ऑक्टोबरात भाऊ. नाताळआधीच्या एका भेटीला ती एक भलेमोठे सूचिपर्णी झाड ओढत टेगेलला घेऊन आली. पहारेकरी हसले, बोनहोफरही. खाट बाहेर काढून सण उभ्यानेच काढला तर झाड कोठडीत मावेल, असे तो म्हणाला. शेवटी ते पहारेकऱ्यांच्या खोलीत उभे राहिले. ही आठवण मारियाने दोन दशकांनंतर, 1967 च्या सुमारास लिहिली, म्हणून बारकाव्यांत थोडे इकडे-तिकडे झाले असेल. घड्याळाचे तसे नाही. तिच्या वडिलांच्या मनगटावर, ते पडले तेव्हा, जे घड्याळ होते ते नाताळची भेट म्हणून तिने बोनहोफरला दिले, आणि त्याचा उल्लेख त्याच्या स्वतःच्या पत्रात त्याच दिवसांत येतो.

24 डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याने बेथगे आणि रेनाटे यांना विरहावर एक पत्र लिहिले. प्रिय माणसाच्या गैरहजेरीची जागा कशाने भरून काढता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. देव ती पोकळी भरतो असे म्हणणे चूक आहे. तो ती भरत नाही, उलट मोकळीच ठेवतो, आणि म्हणूनच दुःखासह का होईना, नाते टिकते. सांत्वनाला निघालेल्या पाळकाने जे हमखास म्हणायचे असते ते हा पाळक इथे नाकारतो. शरणागती म्हणजे दुःख कमी होणे, ही समजूत त्याने कुठेच दिलेली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत, 21 तारखेच्या पत्रात, हा प्रश्न तो उघडपणे मांडतो. नियतीला विरोध कुठपर्यंत करायचा आणि मान कुठे तुकवायची? डॉन किहोटे हट्टाने विरोध करत राहतो आणि विरोध हास्यास्पद होतो. सांको पांझा आहे ते आरामात स्वीकारतो. दोघांचीही गरज आहे, आणि सीमारेषा तत्त्वाने आखता येत नाही, असे तो म्हणतो. 1951 साली बेथगेने ही पत्रे म्युनिकमध्ये पुस्तकरूपाने छापली तेव्हा शीर्षकासाठी याच पत्रातली जोडी घेतली: प्रतिकार आणि समर्पण. पत्रे तोवर टिकली ती गॅस मास्कच्या डब्यांत घालून बर्लिनमधल्या नातलगांच्या बागेत पुरून ठेवल्यामुळे. शेवटच्या काही महिन्यांतली मात्र बेथगेने स्वतःच्या अटकेच्या वेळी नष्ट केली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची असण्याची शक्यता आहे, हे त्यालाही ठाऊक होते.

20 जुलै 1944 ला हिटलरवरचा बाँब फसला. सप्टेंबरात डोनान्यीने जपून ठेवलेली कागदपत्रे त्सोसेन इथे गेस्टापोच्या हाती लागली आणि बोनहोफरवरचा खटला आता ढिला राहिला नाही. नोब्लोख नावाच्या पहारेकऱ्याबरोबर पळून जायचे ठरले. घरच्यांनी कामगाराचा पोशाख, पैसे आणि शिधापत्रिका त्याच्याकडे पोचवल्या. पण ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी बोनहोफरचा भाऊ क्लाउस पकडला गेला. दुसऱ्या दिवशी नोब्लोख निरोप घेऊन आला की डीट्रिखने बेत रद्द केला आहे. तो पळाला असता तर भावाला, मेव्हण्याला, आई-वडिलांना आणि मारियाला त्याची किंमत मोजावी लागली असती. ही माहिती बेथगेने नंतर लिहिलेल्या चरित्रातून कळते. बोनहोफरच्या हातचा याविषयी एकही शब्द उरलेला नाही. देवाची इच्छा म्हणून त्याने हे केले, असे आपण म्हणू शकतो, पण त्याने स्वतः तसे म्हटलेले नाही. दोन दिवसांनी मेव्हणा रूडिगर श्लायखरही गजाआड गेला. 8 ऑक्टोबरला बोनहोफरला प्रिन्झ-आल्ब्रेख्त-स्ट्रासे इथल्या गेस्टापोच्या तळघरात हलवले.

तिथून घरी पोचलेली पत्रे हातावर मोजण्याइतकी आहेत. त्यांतले 19 डिसेंबर 1944 चे मारियाला आहे. आपल्या घरांत हे दिवस फार शांत जातील, असे तो लिहितो. आजूबाजूला जितके शांत होत जाते तितके आपल्या सगळ्यांशी जोडलेले असणे अधिक स्पष्ट जाणवते. तू, आई-बाबा, आघाडीवरचे विद्यार्थी, सगळे सोबत असतात. लहानपणीच्या एका अंगाईत झोपलेल्या मुलाभोवती देवदूत राखण करतात तसे काहीसे मोठ्यांनाही लागते. मला दुःखी समजू नकोस. सुख-दुःख बाहेरच्या परिस्थितीवर फार कमी अवलंबून असते. आपण जवळजवळ दोन वर्षे एकमेकांची वाट पाहतो आहोत. आणि शेवटी, गेल्या काही संध्याकाळी सुचलेल्या काही ओळी सोबत पाठवतो आहे, ही तुला, आई-बाबांना आणि भावंडांना नाताळची भेट.

त्या ओळी म्हणजे सात कडव्यांची कविता, जी आज जर्मनीत जवळजवळ प्रत्येक मंडळीला पाठ आहे. तिसऱ्या कडव्यात दुःखाने काठोकाठ भरलेला पेला देवाच्या चांगल्या आणि प्रिय हातातून न थरथरता घेण्याची तयारी आहे. गेथशेमानेच्या बागेतल्या येशूच्या प्रार्थनेची आठवण तिथे येतेच. पण चौथे कडवे लगेच दुसरीकडे वळते. देवाला पुन्हा या जगातला आनंद आणि सूर्यप्रकाश द्यायचा असेल, तर तोही आम्हाला हवा आहे. पाचव्या कडव्यात नाताळच्या मेणबत्त्या येतात आणि त्यांच्या जोडीला, शक्य असेल तर आम्हाला पुन्हा एकत्र आण, ही साधी विनंती. पेला घेणारा माणूस भेटही मागतो, आणि मागताना लाजत नाही. 18 डिसेंबर 1943 च्या पत्रातला सल्लाच इथे प्रार्थनेच्या रूपात आला आहे.

कवितेच्या पुढच्या प्रवासात हे बरेचसे झाकले गेले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती नववर्ष 1945 अशा मथळ्याखाली छापली गेली, कारण तिच्यात जुन्या वर्षाचा आणि नव्याचा उल्लेख आहे. परिणामी ती वर्षअखेरीचे गाणे झाली आणि अंत्यविधींतही गायली जाऊ लागली. 1970 मध्ये झीगफ्रीड फिट्झने दिलेली चाल सर्वांत लोकप्रिय ठरली. तिच्यात सातवे कडवे धृपदासारखे प्रत्येक कडव्यानंतर येते. त्यामुळे देवाच्या राखणीत निर्धास्त असल्याचा भाव पुन्हा पुन्हा कानावर पडतो आणि पाचव्या कडव्यातली भेटीची मागणी त्या ओघात हरवते. मूळ पत्र लोकांसमोर आले तेही फार उशिरा. मारियाने सगळा पत्रव्यवहार हार्वर्डच्या ग्रंथालयाला सोपवला होता, आपल्या मृत्यूनंतर बराच काळ तो खुला होऊ नये या अटीवर. ती 1977 मध्ये गेली. 1992 साली तिच्या बहिणीच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध झाला, तेव्हा ही कविता कुणाला आणि कशासाठी लिहिली हे वाचकांना तिच्या जागी वाचता आले.

बोनहोफरला 7 फेब्रुवारी 1945 ला बुखेनवाल्डला नेले आणि 9 एप्रिलला फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत फाशी दिले. ओस्टरला त्याच दिवशी, तिथेच. क्लाउस आणि श्लायखर यांना त्याच महिन्यात बर्लिनमध्ये गोळ्या घातल्या. डोनान्यीलाही एप्रिलमध्येच झाक्सेनहाउझेन इथे मारले. आई-वडिलांना डीट्रिखविषयी खात्रीने कळले ते जुलैअखेरीस, लंडनच्या एका चर्चमधून बीबीसीने प्रसारित केलेल्या स्मरण उपासनेवरून.

त्याच्या शेवटच्या क्षणांचे एक वर्णन फार फिरते. छावणीचा डॉक्टर म्हणतो की बोनहोफरने गुडघे टेकून प्रार्थना केली, मग शांतपणे फाशीच्या तख्ताच्या पायऱ्या चढला आणि काही सेकंदांत गेला, देवाच्या इच्छेला इतका पूर्णपणे वाहून घेतलेला माणूस आपण क्वचितच पाहिला. शरणागतीच्या लेखनात हा कागद हमखास येतो. पण तो दहा वर्षांनी, 1955 मध्ये लिहिला गेला, लिहिणारा एसएसचा डॉक्टर होता, आणि तिथल्या फाशीच्या व्यवस्थेशी त्यातले तपशील जुळत नाहीत, हे त्या छावणीत कैदेत असलेल्या एका डॅनिश माणसाने पुढे दाखवून दिले. आपल्या हातून झालेल्या कामाला पवित्र रूप देण्यात त्या डॉक्टरचा फायदा होता, हेही विसरायला नको. मी तो पुराव्यात धरत नाही.

धरायचेच तर 17 जानेवारी 1945 चे पत्र धरावे, आई-वडिलांना लिहिलेले आणि घरी पोचलेले शेवटचे. सरकार त्या दिवसांत जनतेकडून कपडे गोळा करत होते. माझे जे काही असेल ते बिनदिक्कत द्या, अगदी समारंभाचा कोटसुद्धा, असे त्याने कळवले. गेल्या दोन वर्षांत माणसाला किती थोडक्यात भागवता येते ते कळले आहे. मग काही पुस्तके मागितली आहेत: पेस्तालोत्झीची दोन, नाटॉर्पचे एक, आणि प्लुटार्कची थोरांची चरित्रे. त्याबरोबर टूथपेस्ट, आणि जमले तर थोड्या कॉफीच्या बिया.